पाळी जाताना झोप का मोडते, आणि मोडलेलीच का राहते

अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते. दिवसभराची दमणूकच तेवढी असते. आणि मग पावणेतीनच्या सुमारास टक्क जाग येते. पहिले काही क्षण नुसतीच बेचैनी, छातीत धडधड, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटणं. पाठोपाठ छातीतून गळ्याकडे आणि गळ्यातून चेहऱ्याकडे गरम वाफ चढत जाते. पांघरूण पायाने भिरकावलं जातं. मानेमागे, केसांच्या मुळाशी घाम डवरतो. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरतं, ओला कपडा पाठीला गार लागायला लागतो आणि भिरकावलेलं पांघरूण अंधारात चाचपडत परत ओढून घ्यावं लागतं.

शरीराचं काम इथे संपलं. पण तोवर डोकं जागं झालेलं असतं. हात मोबाइलकडे जातो. तीन वाजून सात मिनिटं. सहाला उठायचंय, म्हणजे आत्ता लगेच झोप लागली तरी तीनच तास. कालही असंच झालं होतं. उद्याचं काम कसं निभणार? पहाटे पाचला कधीतरी डोळा लागतो आणि सहाला गजर होतो.

या एका रात्रीचे दोन भाग आहेत. वाफेचा भाग हॉर्मोनचा, आणि तिच्यानंतरचा दोन तासांचा भाग हिशेबाचा. पाळी जायच्या काळातल्या झोपेबद्दल बोलताना हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले जातात आणि तिथेच इलाज चुकतात, असं माझं ठाम मत आहे. झोप ज्या कारणाने मोडली ते एक असतं, आणि ज्यामुळे ती महिनोन्महिने मोडलेलीच राहते ते वेगळं असू शकतं.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, म्हणजे ती झाल्याचं वर्ष उलटल्यावरच कळतं. बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडतं. पण त्रास काही त्या दिवसाची वाट बघत थांबत नाही. पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही, कधी अंगावर खूप जातं, असा जो पुढेमागे होण्याचा काळ असतो तो काही वर्षं चालतो, आणि झोप बिघडायला सुरुवात बहुतेक वेळा त्याच काळात होते. ‘अजून पाळी येतेय, म्हणजे हे त्यातलं नसणार’ असं समजून कित्येकजणी कामाच्या ताणाला दोष देत राहतात. या टप्प्यातल्या साधारण ४० ते ६० टक्के बायका झोपेची तक्रार सांगतात, असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलं आहे. शस्त्रक्रियेत दोन्ही ओव्हरी काढलेल्या बाईला तर हा वर्षानुवर्षांचा उतार एका दिवसात उतरावा लागतो, त्यामुळे तिचा त्रास बहुधा जास्त तीव्र असतो.

वाफ येते कुठून

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. तो तसा समंजस असतो. तापमान किंचित वरखाली झालं तर लगेच घामही फोडत नाही आणि हुडहुडीही भरवत नाही, थोडी सूट देतो. रॉबर्ट फ्रीडमन या अमेरिकी संशोधकाने ही सूट मोजून पाहिली. ज्या बायकांना वाफा येत नव्हत्या त्यांच्यात ती सुमारे ०.४ अंश सेल्सिअस होती. ज्यांना वाफा येत होत्या त्यांच्यात ती जवळजवळ शून्यावर आलेली होती. म्हणजे जाडसर पांघरुणाने अंग जरासं तापलं, तरी मेंदू आग लागल्यासारखा सगळे बंब एकदम सोडतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अंगात ताप नसतो. गैरसमज मेंदूचा झालेला असतो.

हा गैरसमज होतो कशाने, ते अलीकडच्या काही दशकांतच नीट उलगडलं. हायपोथॅलॅमसमध्ये काही चेतापेशी आहेत, त्यांना संशोधक ‘कँडी’ पेशी म्हणतात. किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन ही तीन रसायनं त्या तयार करतात, त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. इस्ट्रोजेन या पेशींना लगाम घालून ठेवतं. इस्ट्रोजेन घटलं की लगाम सुटतो. नेओमी रान्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूत या पेशी चक्क आकाराने मोठ्या झालेल्या असतात. तिथून सुटणारं न्यूरोकायनिन बी शेजारच्या तापमान-केंद्राला डिवचतं. ही माहिती नुसती ज्ञानात भर घालणारी नाही. याच धाग्यावरून नवी औषधं निघाली आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

आता झोप आणि तापमानाचं नातं बघा. झोप लागण्याआधी शरीर हातापायांतून उष्णता बाहेर सोडतं आणि आतलं तापमान उतरू लागतं. हा उतारच झोपेला वाट करून देतो. अशा निवांत उताराच्या मधोमध वाफ आली तर झोप मोडणारच. पुष्कळजणींना आधी जाग येते आणि वाफ मागून येते, म्हणून त्या म्हणतात, ‘मी जागी होते आणि मग मला उकडतं’. पण वाफेची तयारी मेंदूत आधीच सुरू झालेली असू शकते, त्यामुळे जाग आधी आली म्हणून वाफेचा संबंध नाही असं म्हणता येत नाही.

हे किती दिवस चालतं? ‘सहा महिने कळ काढ, आपोआप जाईल’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो खरा नाही. अमेरिकेत १९९६मध्ये ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. वेगवेगळ्या वंशांच्या तीन हजारांहून अधिक बायकांची वर्षानुवर्षं नोंद त्यात ठेवली गेली. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यात हा त्रास चालण्याचा मध्यक ७.४ वर्षं निघाला, म्हणजे निम्म्या बायकांना त्याहून जास्त काळ त्रास झाला. पाळी चालू असतानाच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांचा त्रास सर्वांत लांबला. सात वर्षं कोणी निमूटपणे कळ काढावी असं सांगणं मला क्रूर वाटतं.

इस्ट्रोजेनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण या काळात बहुधा आधी ओसरतं ते प्रोजेस्टेरॉन. ते तयार होतं बीज सुटल्यानंतर, आणि पाळी अनियमित व्हायला लागली की कितीतरी महिने बीज सुटतच नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं आणि ते मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. झोपेच्या अनेक गोळ्याही त्याच यंत्रणेवर काम करतात. म्हणजे शरीराची स्वतःची सौम्य झोपेची गोळीच कमी पडायला लागते. वाफ एकही येत नाही तरी झोप हलकी झाली, बारीकशा आवाजाने मोडायला लागली, अशी तक्रार ज्या बायका करतात त्यांचं म्हणणं म्हणूनच कोणी उडवून लावू नये.

प्रत्येक जाग वाफेची नसते

इथे जरा थांबते, कारण या वयातली प्रत्येक तक्रार ‘पाळी जातेय ना’ या एका वाक्यात गुंडाळली जाते आणि त्यात उपचार होण्यासारखी दुखणी निसटून जातात.

सर्वांत जास्त निसटतो तो स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बुजते, काही सेकंद श्वास थांबतो आणि मेंदू धडपडून जाग आणतो. असं रात्रीत कितीतरी वेळा होतं. हा जाड्या, घोरणाऱ्या पुरुषांचा आजार अशी आपली समजूत असते. पण स्त्री-हॉर्मोन ओसरली की बाईची जोखीम बरीच वाढते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात, वय आणि वजन हिशेबात धरूनही, पाळी गेलेल्या बायकांत अ‍ॅप्नियाची शक्यता पाळी चालू असलेल्यांपेक्षा अडीचपटीहून जास्त दिसली. शिवाय बायकांमध्ये तो वेगळ्या वेषात येतो. मोठं घोरणं असेलच असं नाही. सकाळी डोकं जड होणं किंवा दुखणं, तोंडाला कोरड, सात-आठ तास झोपूनही अंगात त्राण नसणं, रात्री सारखी जाग, असं त्याचं रूप असतं. मग तिला निद्रानाशाच्या किंवा उदासीच्या गोळ्या मिळतात आणि श्वास रात्रभर अडतच राहतो. उठल्यावर ताजंतवानं वाटतच नसेल, रक्तदाब औषधं घेऊनही आटोक्यात येत नसेल, तर झोपेची तपासणी करा असं स्वतःहून म्हणावं. यंत्र घरी नेऊनही ती करता येते.

दुसरं दुखणं पायांचं. अंथरुणात पडलं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अंगावर खूप जात असेल तर शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत जातो. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासायला सांगावं. पायांच्या या त्रासात फेरिटिन ७५च्या खाली असेल तर प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा ‘नॉर्मल’ दिसत असूनही डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात.

लघवीला उठावं लागणं हे तिसरं. इस्ट्रोजेन घटल्यावर योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, लघवीची घाई होते, जळजळते. तिथल्या तिथे लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम यावर चांगलं काम करतं आणि त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. लाजेपोटी कित्येकजणी हे बोलतच नाहीत. थायरॉइड वाढला तरी घाम आणि धडधड होते, तेव्हा ती साधी रक्ततपासणी एकदा करून टाकावी. पहाटे चारला जाग येऊन मन काळवंडून जात असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं, त्याचे उपचार वेगळे आहेत. रात्रीच्या घामाबरोबर ताप असेल, किंवा वजन विनाकारण उतरत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावं.

पिंड, निमित्त आणि खतपाणी

आता हिशेबाचा भाग. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात निद्रानाश कसा जडतो याची एक साधी मांडणी केली. माझ्या शब्दांत सांगायचं तर त्यात तीन गोष्टी आहेत. पहिला पिंड, म्हणजे मुळातच हलकी झोप असणं, काळजी करण्याचा स्वभाव. दुसरं निमित्त, इथे हॉर्मोनची उलथापालथ. आणि तिसरं खतपाणी, म्हणजे झोप भरून काढायला आपण जे जे करतो ते. निमित्त कधीतरी सरतं, पण खतपाणी चालू राहिलं तर निद्रानाश स्वतःच्या बळावर जगतो. वाफा बंद होऊन दोन वर्षं झाली तरी तीनची जाग जात नाही, ती यामुळेच.

खतपाणी कसलं? रात्री झोप झाली नाही म्हणून साडेनऊलाच आडवं होणं. सकाळी जमेल तेवढं लोळणं. दुपारी तासभर झोपून घेणं. जागं असताना अंथरुणातच पडून राहणं, निदान अंगाला तरी विश्रांती मिळेल म्हणून. सगळं किती शहाणपणाचं वाटतं! पण झोपेची भूक दिवसभर जागं राहण्याने साठत जाते, आणि दुपारच्या झोपेने ती मरते. शिवाय अंथरूण म्हणजे कूस बदलत चरफडण्याची जागा, अशी मेंदूची पक्की गाठ बसते.

ही गाठ सोडवण्याच्या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात. ही निद्रानाशासाठीची बोलून आणि सवयी बदलून करायची उपचारपद्धती आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्याही आधी हीच वापरा असं सांगितलं. त्यातला सर्वांत ताकदीचा आणि ऐकायला सर्वांत उलटा भाग एका उदाहरणाने दाखवते.

समजा एक बाई रात्री दहाला आडवी होते आणि साडेसहाला उठते. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास. आठवडाभर रोज सकाळी तिने अंदाजाने वहीत लिहिलं, तेव्हा खरी झोप साडेपाच तासांची निघाली. साडेआठातले साडेपाच म्हणजे ६५ टक्के, उरलेले तीन तास तळमळ. आता तिने उठायची वेळ सहा अशी पक्की करायची, रविवारीसुद्धा. आणि आडवं व्हायचं साडेबाराला, त्याआधी नाही. पहिला आठवडा जड जातो, संध्याकाळी डोळे मिटतात, चिडचिड होते. पण साठलेली भूक काम करते. वहीत साडेपाचातले पाच तास झोपेचे दिसायला लागले, म्हणजे सुमारे ९१ टक्के, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची, सव्वाबारा. तो आठवडाही चांगला गेला तर बारा. टक्केवारी ८५च्या खाली घसरली तर वेळ वाढवायची नाही. असं करत करत ती तिच्या गरजेच्या झोपेपर्यंत पोचते. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली मात्र कधीच आणायचा नाही. फिट येत असतील, बायपोलर आजार असेल, किंवा गाडी चालवण्याचं वा यंत्रावरचं काम असेल तर हे स्वतःहून करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

जोडीला रिचर्ड बूटझिन यांचा १९७०च्या दशकातला नियम आहे. झोप येत नाही असं वाटलं की वीसेक मिनिटांत उठायचं, दुसरीकडे मंद उजेडात बसायचं, झोप डोळ्यांवर आली की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि मोबाइल हाताला लागणार नाही असा. मला यातला घड्याळाचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तीन वाजून सात मिनिटं हे कळलंच नाही, तर ‘उरले किती तास’ ही वजाबाकी सुरूच होत नाही.

वाफा येणाऱ्या बायकांना याचा उपयोग होतो का, हेही तपासलं गेलं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निद्रानाश आणि वाफा दोन्ही असलेल्या १०६ बायका होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना आठ आठवड्यांत सहा वेळा फक्त फोनवर सीबीटी-आय शिकवली गेली. त्यांची झोप चांगलीच सुधारली. वाफांची संख्या काही फारशी बदलली नाही, पण वाफांमुळे रोजच्या जगण्यात येणारा अडथळा कमी झाला. वाफ आली, गेली, आणि बाई पुन्हा झोपली.

औषधांबद्दल

वाफा जोरकस असतील तर हॉर्मोन उपचार, म्हणजे घटलेलं हॉर्मोन औषधातून देणं, हा त्यांच्यावरचा सर्वांत परिणामकारक इलाज आहे, आणि वाफा थांबल्या की त्यांनी मोडणारी झोपही सुधारते. याची भीती मुख्यतः २००२पासूनची. त्या वर्षी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला, कारण स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आकडा असा होता: हॉर्मोन घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे दरवर्षी आठ जास्तीच्या. त्यात भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. पुढच्या विश्लेषणांतून चित्र स्पष्ट झालं. वय ६०च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील, आणि धोक्याचं दुसरं कारण नसेल, तर त्रास असलेल्या बहुतेकींसाठी फायद्याचं पारडं जड आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर सहसा हा उपचार देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. त्यातलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना घेतात, कारण त्याने गुंगी येते. इथे तो दुष्परिणामच कामाला येतो.

हॉर्मोन नको असतील किंवा चालत नसतील, तर काही नैराश्याची औषधं कमी मात्रेत वाफा कमी करतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने मात्र त्यांपैकी पॅरॉक्सेटिन टाळावं, ते टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करतं. रात्रीचाच त्रास असेल तर गॅबापेंटिन हे मुळात फिटवरचं औषध झोपताना देतात. आणि वर म्हटलेल्या कँडी पेशींचा निरोपच अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे २०२३मध्ये मंजूर झालं. त्यात हॉर्मोन नाही, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

झोपेच्या गोळ्या चार-आठ दिवसांच्या कठीण काळात आधार देतात, वर्षानुवर्षं नाही. एक गोष्ट प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवी. झोल्पिडेम हे झोपेचं औषध बायकांच्या शरीरातून हळू बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरतं, म्हणून एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१३मध्ये बायकांसाठी सुरुवातीची मात्रा १०वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावली. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर पैसे घालू नयेत असं मी म्हणेन. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली पुरावे तपासले आणि सोया किंवा इतर पूरक गोळ्यांची शिफारस केली नाही. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते. कॉफीचं उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणून ती दुपारनंतर बंद. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्यावीत, एक भिरकावता येतं.

डॉक्टरांकडे जाताना ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलं तर बहुधा एक चिठ्ठी आणि एक गोळी हाती पडते. त्याऐवजी दोन आठवड्यांची वही न्यावी. किती वाजता आडवी झाले, अंदाजे किती झोपले, किती वेळा उठले, आणि प्रत्येक जागेपुढे एक खूण: घाम, लघवी, पाय, धाप, की नुसतेच विचार. शेवटची पाळी कधी आली ती तारीख आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं वर लिहावीत. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारावं, झोपेत श्वास अडल्यासारखा वाटतो का, आणि त्याचं उत्तरही तिथेच लिहून ठेवावं. वहीत घामाच्या खुणा जास्त असतील तर बोलणं हॉर्मोनवर किंवा वाफेच्या औषधांवर व्हायला हवं. विचारांच्या जास्त असतील तर सीबीटी-आयवर. पहिल्या डॉक्टरांनी ‘या वयात असं होतंच’ म्हणून वही बंद केली, तर ती उचलून दुसऱ्यांकडे न्यावी.